निपाणीच्या वखारकामगार स्त्रियांची चळवळ

बेळगाव जिल्ह्यातील निपाणी येथे तंबाखूच्या वखारींत राबणाऱ्या स्त्रियांनी १९७०च्या दशकाच्या अखेरीपासून उभारलेली कामगार चळवळ. बेळगावला लागून असलेल्या कंग्राळीपासून निपाणीपर्यंतच्या मराठी पट्ट्यात बंड म्हटले की महाराष्ट्र-कर्नाटक सीमालढाच आठवतो. हिंडलग्याला दरवर्षी १ जूनला त्या लढ्यातील हुतात्म्यांना अभिवादनही होते. वखारीतल्या बायकांचे भांडण भाषेचे नव्हते, कारण त्यांना दटावणारा मुकादमही मराठीतच दटावत असे. सीमाभागाच्या इतिहासात या चळवळीला जेमतेम जागा मिळते ती बहुधा यामुळेच.

रूढी झुगारण्याची परंपरा निपाणीला जुनी आहे. एप्रिल १९२५ मध्ये मुंबई इलाखा प्रांतिक बहिष्कृत परिषदेचे अधिवेशन डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या अध्यक्षतेखाली येथेच भरले होते. मात्र गावाची सारी उलाढाल विडीच्या तंबाखूवर चाले आणि पैसा वखारवाल्यांच्या हाती राही. तंबाखू कुटणे, चाळणे, निवडणे ही कामे बायकांची. बंद वखारीत नाकातोंडावर पदर बांधून दिवसभर खकाण्यात उभे राहायचे, मजुरी मालक देईल ती घ्यायची. विडी आणि सिगार कामगारांसाठीचा कायदा १९६६ मध्ये झाला होता, तो वखारीच्या दारापर्यंत पोचलाच नव्हता. त्यातच मुकादमाची शिवीगाळ आणि लगट. याविषयी कुणी बोलत नसे. बोलली तर दुसऱ्या दिवशी काम नाही.

प्रा. सुभाष जोशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चिकोडी तालुका कामगार महासंघाच्या झेंड्याखाली या बायकांना एकत्र आणले. नेते पुरुष होते खरे, पण वखारीच्या दारात मालकाला अडवायला बायकाच पुढे असत, आणि मजुरीइतकाच आग्रह नीट वागणुकीचा असे. त्यांचे हाल अनिल अवचटांच्या लेखनातून महाराष्ट्रभर पोचले. बंगळूरच्या ‘युगांतर’ या स्त्रियांच्या चित्रपटगटाने, त्यात दीपा धनराज होत्या, निपाणीत मुक्काम करून ‘तंबाखू चाकिला ओब आली’ (१९८२) हा माहितीपट केला. त्यात कामगार बायका स्वतःच बोलतात, काही प्रसंग स्वतःच उभे करतात. आजही या चळवळीचा याहून जिवंत दस्तऐवज नाही.

पोटाच्या प्रश्नावरून बायकांनी शिस्तप्रिय समाज हादरवल्याची उदाहरणे इतरत्रही आहेत. जपानमध्ये जुलै १९१८ मध्ये तोयामा प्रांतातील उओझू बंदरात कोळिणींनी तांदूळ बाहेर पाठवायला विरोध केला. तिथून पेटलेले दंगे देशभर पसरले आणि सप्टेंबरात तेराउची मंत्रिमंडळ पायउतार झाले. निपाणीत सरकार पडले नाही, पण वखारवाल्यांचा वचक मोडला.

संघटनेचा दुसरा परिणाम शेतकऱ्यांवर झाला. त्याच वखारवाल्यांकडून नाडल्या जाणाऱ्या तंबाखू उत्पादकांसाठी १४ मार्च १९८१ पासून शेतकरी नेते शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली पुणे-बंगळूर महामार्ग अडवून ठिय्या मांडण्यात आला. ६ एप्रिलला पोलिसांनी तो उधळला. गोळीबारात शेतकऱ्यांचे बळी गेले. शेतकरी आणि मजूर एकमेकांच्या जिवावर उठतात हा सिद्धान्त निपाणीत तरी खरा ठरला नाही, कारण दोघांनाही घासाघीस एकाच दारात करावी लागे.

वखारीतल्या कित्येक जणी देवदासी होत्या. लहानपणी सौंदत्तीच्या यल्लम्माला सोडलेल्या, गळ्यात तांबड्या-पांढऱ्या मण्यांचे दर्शन घातलेल्या, नंतर झुलवा लागून, म्हणजे लग्नाविना, कुणाच्या तरी आश्रयाला राहिलेल्या. मजुरीसाठी भांडता भांडता देवाच्या नावाने लादलेल्या जगण्यालाही त्यांनी प्रश्न विचारला. जवळच गडहिंग्लजला १९७५ मध्ये बाबा आढावांच्या महात्मा फुले समता प्रतिष्ठानने देवदासी परिषद घेतली होती; तेथे प्रा. विठ्ठल बन्ने यांचेही काम सुरू होते. हे दोन प्रवाह एकमेकांना मिळाले.

मुलगी देवाला सोडण्यावर १९३४ च्या मुंबई कायद्याने आधीच बंदी घातली होती. तेव्हा निपाणी मुंबई इलाख्यात होती, गडहिंग्लज मात्र कोल्हापूर संस्थानात. पुढे कर्नाटकाने १९८२ मध्ये स्वतंत्र, अधिक कडक कायदा केला. घटप्रभेला १९९७ मध्ये माजी देवदासींनी चालवलेली ‘मास’ ही संस्थाही उभी राहिली. महाराष्ट्रातील ज्या गडहिंग्लजमध्ये परिषद भरली तेथे मात्र १९३४ चाच कायदा चालू राहिला. महाराष्ट्राचा देवदासी निर्मूलन कायदा २००५ चा आहे.