ईडेल

ईडेल : इंग्लंडच्या डर्बीशर परगण्यातील, पीक डिस्ट्रिक्टच्या डोंगरांत वसलेले खेडे. लोकवस्ती साडेतीनशेच्या आसपास. पश्चिमेला मँचेस्टर, पूर्वेला शेफील्ड. दोन्हींकडून आगगाडीने तासाच्या आत गावात पोचता येते. उत्तरेला किंडर स्काउटचे पठार (६३६ मी.), दक्षिणेला मॅम टॉरची (५१७ मी.) लांबलचक धार आणि मधल्या खोऱ्यातून वाहणारी नो नदी. १०८६ च्या ‘डूम्सडे बुक’ या महसुली दप्तरात या ठिकाणाची नोंद आहे, म्हणजे गाव जुने. पण ईडेलचे खरे महत्त्व त्याच्या वयात नाही. ब्रिटनमध्ये साध्या माणसाला डोंगरावर मोकळेपणी चालण्याचा हक्क कसा मिळाला, ती हकीकत या खोऱ्यातून जाते.

अप्पर बूथ, बार्बर बूथ, ग्राइंड्सब्रुक बूथ, ऑलरब्रुक बूथ आणि नेदर बूथ या पाच वाड्या मिळून ईडेल होते. चर्च, शाळा आणि जुना पब ग्राइंड्सब्रुक बूथमध्ये असल्याने बाहेरचे लोक त्या वाडीलाच ईडेल समजतात. ‘बूथ’ म्हणजे गुराख्याचे खोपट. मध्ययुगात हा मुलूख राजाच्या शिकारीसाठी राखलेला होता आणि गुरे सांभाळणाऱ्यांचे वाडे खोऱ्यात जागोजागी होते. त्या वाड्यांची पुढे वस्ती झाली. आज गुरांपेक्षा मेंढ्या जास्त दिसतात. चुना-माती न वापरता दगडावर दगड बसवून रचलेले गडगे शेतांच्या कडेने निघतात आणि थेट डोंगराच्या उभ्या चढापर्यंत जातात. कोकणातल्या माणसाला ते पाहून घरची आठवण यावी.

सतराव्या शतकापर्यंत खोऱ्यात चर्च नव्हते. कोणी दगावले की प्रेत खांद्यावर घेऊन हॉलिन्स क्रॉसची खिंड चढायची आणि पलीकडे कॅसलटनला उतरायचे. १६३४ मध्ये ईडेलला स्वतःचे प्रार्थनामंदिर मिळाले आणि ही पायपीट थांबली. सध्याचे चर्च त्याच परिसरातले तिसरे, १८८० च्या दशकातले. पायवाट मात्र ओस पडली नाही. अठराव्या शतकाच्या अखेरीस नो नदीकाठी सूतगिरणी निघाली, तेव्हा कॅसलटनच्या बाया त्याच खिंडीतून कामाला येऊ लागल्या. ही गिरणी विसाव्या शतकात बंद पडली. लँडमार्क ट्रस्ट या वारसा जपणाऱ्या संस्थेने तिची इमारत वाचवली आणि आज तिथे घरे आहेत.

पश्चिमेकडचा चढ ‘जेकब्स लॅडर’ म्हणून ओळखला जातो. बायबलमधल्या शिडीचे हे नाव इथे एका शेतकऱ्यामुळे चपखल बसले. अठराव्या शतकात वरच्या अंगाला राहणाऱ्या जेकब मार्शलने उभ्या चढावर पायऱ्या खोदल्या. ओझ्याचा घोडा वळणावळणाच्या वाटेने यायचा आणि जेकब पायऱ्यांनी सरळ वर पोचायचा, असे सांगतात. तट्टूंच्या पाठीवर माल लादून पेनाइन डोंगर ओलांडणाऱ्या व्यापाऱ्यांचा हा जुना मार्ग. रेल्वे आली १८९४ मध्ये. खोऱ्याच्या पश्चिम टोकाला काउबर्नचा सव्वातीन किलोमीटरहून लांब बोगदा खणला गेला आणि ईडेल दोन मोठ्या औद्योगिक शहरांना जोडले गेले. शनिवारपर्यंत यंत्रांवर राबणारा कामगार रविवारी सकाळी डोंगराच्या पायथ्याशी उतरू लागला.

डोंगर म्हटल्यावर शिखर डोळ्यांपुढे येते. किंडर स्काउटला शिखर नाही. तो एक अवाढव्य सडा आहे. कडेला करड्या, भरड वालुकाश्माचे कडे, वाऱ्यापावसाने चित्रविचित्र झिजलेले. माथ्यावर पीट, म्हणजे हजारो वर्षे शेवाळ आणि गवत अर्धवट कुजून साचलेला काळा, ओला थर, काही ठिकाणी माणूस बुडेल इतका खोल. पाण्याने त्यात खोल चर पाडले आहेत. स्थानिक बोलीत त्यांना ‘ग्रफ’ म्हणतात, आणि कड्यातून उतरणाऱ्या अरुंद घळीला ‘क्लफ’. धुके उतरले की चरांच्या जाळ्यात दिशा कळत नाही. सर्वोच्च जागाही अशी सपाट की तिथे उभे राहूनही पटत नाही. पश्चिम कड्यावरून सुमारे तीस मीटर कोसळणारा किंडर डाउनफॉल हा धबधबा जोराचा पश्चिमवारा सुटला की उलटा उडतो. पाणी खाली पडायच्या आत तुषार होऊन पुन्हा माथ्यावर येते.

समोरच्या मॅम टॉरची घडण अगदी वेगळी. वालुकाश्म आणि ठिसूळ शेल यांचे थर एकमेकांवर रचलेले असल्याने त्याची पूर्वेची बाजू सतत घसरते; ‘थरथरता डोंगर’ हे त्याचे जुने नाव. माथ्यावर ब्राँझयुगातील वस्तीच्या आणि नंतरच्या तटबंदीच्या खुणा आहेत. उतारावरून जाणारा हमरस्ता वर्षानुवर्षे डागडुजी करूनही टिकला नाही आणि १९७९ मध्ये कायमचा बंद झाला. आज त्यावरून चालत गेले की मोडलेल्या कडेला डांबराचे एकावर एक थर वडीसारखे कापलेले दिसतात, आणि मधली पांढरी रेघ अचानक हातभर खाली उतरते.

किंडरचे पठार एकोणिसाव्या शतकापासून खासगी मालकीच्या कुंपणात गेले. हेदरच्या जांभळ्या झुडपांत राहणारा ग्राउज हा तितरासारखा पक्षी बड्या लोकांच्या शिकारीसाठी राखला जाई. शिकार चाले वर्षातले मोजके दिवस, पण राखणदार बारा महिने लोकांना हुसकत. २४ एप्रिल १९३२ च्या रविवारी याला उघड आव्हान मिळाले. पठारापलीकडच्या हेफील्ड गावाजवळच्या एका दगडखाणीत तरुण कामगार जमले. विशीतल्या बेनी रॉथमनने भाषण केले आणि सुमारे चारशे जण पठाराकडे निघाले. शेफील्डच्या बाजूची एक तुकडी ईडेलमधून जेकब्स लॅडरने वर चढली. राखणदारांशी झटापट झाली, परतताना सहा जणांना पकडले आणि पाच जणांना दोन ते सहा महिन्यांची कैद झाली. दुसऱ्याच्या जमिनीवर पाऊल टाकणे हा तेव्हाही फौजदारी गुन्हा नव्हता. शिक्षा झाली ती दंगा आणि मारहाणीच्या कलमांखाली. शिक्षेची बातमी पसरली तशी आधी अलिप्त असलेली माणसेही या बाजूला आली.

पुढचे टप्पे सावकाश आले. १९४९ मध्ये राष्ट्रीय उद्यानांचा कायदा झाला आणि १९५१ मध्ये पीक डिस्ट्रिक्ट हे ब्रिटनचे पहिले राष्ट्रीय उद्यान ठरले. मोकळ्या डोंगरमाळांवर पायी फिरण्याचा व्यापक हक्क इंग्लंड आणि वेल्समध्ये २००० च्या कायद्याने मिळाला. २००२ मध्ये, किंडरच्या मोर्चाच्या सत्तराव्या स्मृतिदिनाच्या कार्यक्रमात, तिथल्या जमीनमालक घराण्यातील डेव्हनशरच्या अकराव्या ड्यूकने आपल्या आजोबांच्या त्या वेळच्या वागण्याबद्दल जाहीर माफी मागितली. सत्तर वर्षांनी का होईना, ती मागितली गेली, याचे मोल कमी नाही.

ईडेलचे नाव जगभरच्या भटक्यांना ठाऊक झाले ते पेनाइन वेमुळे. पत्रकार टॉम स्टीफन्सन यांनी १९३५ मध्ये एका दीर्घ पायवाटेची कल्पना वर्तमानपत्रातून मांडली आणि पुढे तीस वर्षे तिचा पाठपुरावा केला. २४ एप्रिल १९६५ रोजी, म्हणजे किंडरच्या त्या मोर्चाच्याच तारखेला, ही वाट रीतसर खुली झाली. ईडेलच्या ‘ओल्ड नॅग्ज हेड’ या पबपासून निघून सुमारे ४३० किलोमीटरवर, स्कॉटलंडच्या हद्दीत कर्क येथोमला ती संपते.

हक्क मिळाला तशी पावलेही वाढली. हजारो बुटांखाली पीट तुडवला जाऊन वाट चिखलाचा रुंद पट्टा बनली आणि अखेर ईडेलमधून थेट पठारावर चढणारा मूळ मार्ग बदलून जेकब्स लॅडरकडे वळवावा लागला. पण दोष एकट्या पावलांचा नाही. मँचेस्टर आणि आसपासच्या गिरण्यांच्या धुराने पीट तयार करणारे स्फॅग्नम शेवाळ शतकभर मारले होते. वणव्यांनी उरलेसुरले उघडे पाडले. २००३ पासून इथल्या माळांवर मोठे काम सुरू आहे: चरांना छोटे बांध घालायचे, आम्लता कमी करायला चुना टाकायचा, गवत पेरायचे आणि मग मूठमूठ शेवाळ हाताने लावायचे. पेनाइन वेवर दलदलीच्या जागी लांबरुंद फरश्या अंथरल्या आहेत. त्यांतल्या कित्येक पाडलेल्या सूतगिरण्यांच्या जमिनीच्या आहेत. हेलिकॉप्टरने त्या वर आणल्या. ज्या फरशीवर कधीकाळी मागाशी कामगार उभा राहिला, तीच आता चालणाऱ्याचा पाय चिखलात रुतू देत नाही.

या माळांवर हिवाळ्यात पांढरा होणारा डोंगरी ससाही राहतो; इंग्लंडात तो फक्त पीक डिस्ट्रिक्टमध्ये आढळतो. मँचेस्टरला किंवा शेफील्डला शिकायला, नोकरीला गेलेल्या मराठी वाचकाने एक रविवार या गावाला जरूर द्यावा. नकाशा आणि होकायंत्र सोबत ठेवावे, वर आग अजिबात पेटवू नये, आणि एप्रिलमध्ये मेंढ्या विण्याच्या दिवसांत शेतातले प्रत्येक फाटक आपल्यामागे आठवणीने लावून घ्यावे.