समुद्र पिणारा मासा : आम्लता, मीठ आणि आतड्याचा इतिहास

१/८
समुद्रातील मासा पाण्याने वेढलेला असूनही सतत तहानलेला असतो. समुद्राच्या एका लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. अस्थिमत्स्यांच्या रक्तात त्याच्या जेमतेम एक तृतीयांश. त्यामुळे शरीरातील पाणी अखंड बाहेर झिरपते. मग मासा जगतो कसा?

२/८
१९३०. अमेरिकी शरीरक्रियाशास्त्रज्ञ होमर स्मिथ यांनी समुद्राच्या पाण्यात फिनॉल रेड हे रंगद्रव्य मिसळून त्यात ईल मासे ठेवले. रंग त्यांच्या आतड्यात साठला, तोही बाहेरच्या पाण्यापेक्षा अधिक गडद. म्हणजे मासा समुद्र पितो आणि आतडे त्यातील पाणी शोषून घेते.

३/८
परंतु पाणी एकटे येत नाही. आतडे आधी सोडियम व क्लोराइड आत ओढते. पाणी त्यांच्यामागून येते. तहान भागवायची तर मीठच शोषावे लागते! हे जादा मीठ जाते कुठे? १९३१ मध्ये अँसेल कीज यांनी ईलच्या कल्ल्यांवर प्रयोग करून दाखवले की कल्ले क्लोराइड बाहेर टाकतात. आहार व हृदयविकार यांवरील 'सात देशांच्या अभ्यासा'चे पुढील काळातील प्रणेते ते हेच कीज.

४/८
यानंतर लक्ष गेले आतड्याच्या पेशींकडे. १९८२ मध्ये फ्लाउंडर या लेपीसारख्या चपट्या माशाच्या आतड्यात सोडियम, पोटॅशियम व क्लोराइड एकत्र आत नेणारी यंत्रणा सिद्ध झाली.

५/८
त्याच दशकात आम्लतेचा प्रश्न पुढे आला. फ्लाउंडरच्या आतड्याभोवतीचे द्रावण अधिक आम्ल केले की क्लोराइडचे शोषण घटते, असे दिसले. उंदराच्या आतड्यात मात्र कार्बन डायऑक्साइडमुळे आम्लता वाढली की सोडियमचे शोषण वाढते. एका प्राण्याचा नियम दुसऱ्याला लावण्याची घाई करू नये, हा त्यातील धडा.

६/८
या आतड्याची आणखी एक खुबी आहे. क्लोराइड आत घेताना ते बायकार्बोनेट बाहेर सोडते. त्यामुळे आतील द्रव अल्कधर्मी होतो, कॅल्शियम कार्बोनेटचे कण साकळतात, द्रवातील विरघळलेले क्षार घटतात आणि पाणी शोषणे सुकर होते. योगायोग असा की फिनॉल रेड हे आम्लतादर्शकही आहे : आम्लात पिवळे, अल्कधर्मी द्रावणात लाल.

७/८
हे कण विष्ठेवाटे समुद्रात जातात. २००९ मधील एका अंदाजानुसार महासागरांत तयार होणाऱ्या कार्बोनेटपैकी ३ ते १५ टक्के माशांच्या आतड्यांतून येते. तहानेचा प्रश्न अशा रीतीने सागरी कार्बनचक्राशी जोडला गेला.

८/८
आज हवेतील कार्बन डायऑक्साइड विरघळून समुद्र अधिकाधिक आम्ल होत आहे. त्यावर उतारा म्हणून मासा रक्तात बायकार्बोनेट साठवतो. परंतु २०१२ मध्ये टोडफिशवरील प्रयोगांत दिसले की कार्बन डायऑक्साइड वाढला की आतड्यातून बायकार्बोनेटचा ऱ्हासही वाढतो. रक्त कमावते, आतडे गमावते. स्मिथ यांनी विचारले होते, मासा समुद्रात कसा जगतो? बदलत्या समुद्रात त्याच जगण्याची किंमत किती, हा आजचा प्रश्न आहे.