समुद्रकांठच्या पाहुण्यांस आमच्या शहराची ओळख

ज्युबिलीच्या निमित्तानें कोंकणपट्टीवरील, विशेषतः वसईकडील, आप्तेष्ट व धर्मबंधु यंदा मोठ्या संख्येनें आमच्या पॅरिशमध्यें उतरणार आहेत. त्यांस या शहराची थोडी ओळख करून द्यावी, अशी सूचना स्मरणिका-मंडळानें आम्हांस केली, आणि ती आम्हीं आनंदानें मान्य केली. कारण आम्ही स्वतः वसईचे. बावखलाच्या कांठीं व माडांच्या सावलींत आमचें बालपण गेलें. सेमिनरीचें शिक्षण संपल्यावर आज्ञेप्रमाणें घांट चढून या पठारावर आलों, आणि केस पांढरे होईतों येथलेच झालों आहों.

पहिल्याच वर्षीं आमची एक वृद्ध आत्या आम्हांस भेटावयास आली होती. मनमाडास गाडी बदलून, उन्हानें अगदीं त्रासून ती येथें पोंचली, व पाणी पिऊन होतांच तिनें विचारिलें, “बाळा, येथें ना खाडी, ना मोठी नदी, मग एवढें गांव बसविलें तरी कोणीं, आणि तें पाणी कोठलें पितें?” (फादर झालेल्या भाच्यास ती शेवटपर्यंत ‘बाळा’च म्हणत असे.) प्रवाशांसाठीं जीं माहितीपुस्तकें विकत मिळतात, त्यांत वेरूळ, दौलताबाद व बिबीचा मकबरा यांचें वर्णन भरपूर असतें, आत्याच्या प्रश्नाचें उत्तर मात्र क्वचितच सांपडतें. म्हणून तेंच येथें प्रथम देतों.

ज्या जागीं हें शहर आहे तेथें पूर्वीं खडकी नांवाचें खेडें होतें. सन १६१० मध्यें अहमदनगरच्या निजामशाहीचा कारभारी मलिक अंबर यानें तेथें आपलें नगर वसविलें. हा मलिक अंबर जन्मानें हबशी. आफ्रिकेंतील हबसाण देशांत सुमारें १५४८ सालीं तो जन्मला. लहानपणींच गुलाम म्हणून विकला गेला. अरबस्तानांत व बगदादेंत हातोहात फिरून अखेर समुद्रमार्गें दक्षिणेंत आला, आणि निजामशाहीचा पेशवा चंगीजखान यानें त्यास विकत घेतलें. तो चंगीजखानहि एके काळीं गुलामच होता. अशा मनुष्यानें पुढें स्वपराक्रमानें बुडतें राज्य सांवरून धरिलें, जमिनीच्या साऱ्याची व्यवस्था लावून दिली, आणि डोंगराळ मुलुखांत गनिमी काव्यानें लढून जहांगीर बादशहाच्या फौजा वर्षानुवर्षें थोपविल्या. बादशहाचा त्याच्यावर इतका राग, कीं अंबराच्या छिन्न मस्तकावर आपण बाण सोडीत आहों असें चित्र त्यानें काढवून घेतलें! प्रत्यक्षांत तें मस्तक त्याच्या हातीं कधींच लागलें नाहीं. १६२६ सालीं अंबर वृद्धपणीं मरण पावला. त्याची कबर खुलताबादेस आहे.

आतां पाण्याविषयीं. शहराच्या उत्तरेकडील डोंगरांच्या पायथ्याशीं जमिनीच्या पोटांत पाणी झिरपून राहतें, हें अंबरानें हेरिलें. तें एकत्र करून भुयारी कालव्यानें, केवळ उताराच्या बळावर, त्यानें शहरांत आणिलें. ठिकठिकाणीं हवा खेळावी व गाळ उपसतां यावा म्हणून विहिरीसारखे उभे उसासे बांधले. ना मोट, ना रहाट. हीच ‘नहर-ए-अंबरी’. पुढें याच धर्तीवर आणखीहि नहरी निघाल्या. वेढा पडला असतां नगर पाण्यावांचून मरूं नये म्हणून हिज्कीया राजानें यरुशलेमांत खडक फोडून पाणी आंत घेतल्याचें आपण पवित्र शास्त्रांत वाचतों. येथील नहर पाहतांना आम्हांस त्या राजाची आठवण होते. फरक एवढाच कीं तो दाविदाच्या वंशांतला, आणि हा बाजारांत विकलेला पोरका मुलगा.

१६१६ सालीं रोशनगांवच्या लढाईनंतर मोंगलांनीं खडकी लुटून उद्ध्वस्त केली, तरी शहर पुनः उभें राहिलें. अंबराच्या पश्चात् त्याचा मुलगा फत्तेखान यानें त्यास फत्तेनगर म्हटलें. १६३३ मध्यें दौलताबाद पडलें व हा मुलूख मोंगलांकडे गेला. १६५३ सालीं दक्षिणेचा सुभेदार होऊन आलेल्या औरंगजेबानें येथेंच ठाणें केलें, आणि शहरास औरंगाबाद हें नांव पडलें. बादशहा झाल्यावर १६८२ त तो पुनः आला व तट बांधविला. या शहरास बावन्न दरवाजांचें शहर म्हणण्याचा प्रघात आहे. त्यांतील थोडेच आज उभे आहेत. भडकल दरवाजा मात्र तटापूर्वींचा, खुद्द अंबराच्या काळचा. मोंगलांवरील विजयाची खूण म्हणून तो बांधिला होता. १७२४ नंतर कांहीं काळ निजामाची राजधानी येथें होती, ती १७६३ सालीं हैदराबादेस गेली. १९४८ च्या सप्टेंबरांत निजामी राजवट संपली. ज्या छत्रपती संभाजी महाराजांस औरंगजेबानें १६८९ सालीं क्रूरपणें ठार मारिलें, त्यांचें नांव २०२३ सालीं शहरास अधिकृतपणें मिळालें. नांवांच्या वादांत येथें पुष्कळ कोलाहल झाला. पण नहरेचा मूळ पुरुष त्यांत कोणासच आठवला नाहीं, याचें आम्हांस वाईट वाटतें.

मकबऱ्याविषयीं दोन शब्द. औरंगजेबाची पत्नी दिलरसबानू १६५७ त वारली. तिच्या कबरीवरची ही इमारत. शिल्पकार अताउल्ला हा ताजमहालाशीं संबंध असलेल्या उस्ताद अहमद लाहोरीचा मुलगा. संगमरवर खालीं थोड्या उंचीपर्यंत आणि घुमटावर. बाकीचा पांढरेपणा चुन्याच्या गिलाव्याचा आहे. लोक त्यास गरिबाचा ताज म्हणून हिणवितात. आम्हांस ती तुलना अन्यायाची वाटते. पावसाळ्यांत डोंगर हिरवे झाले असतां तो स्वतःच्या शोभेनें शोभतो. वेरूळ तर जगजाहीर आहे. तेथील कैलास लेण्यापुढें लेखणी न चालविणेंच बरें.

पाणचक्की मात्र चुकवूं नका. बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्याच्या आवारांत डोंगराकडील पाणी मातीच्या नळांनीं आणून उंच भिंतीवर चढविलें आहे. तेथून खालीं पडणाऱ्या धारेनें चक्र फिरे, आणि दर्ग्यांतील फकीर व वाटसरू यांच्यासाठीं पीठ दळलें जाई. समोरच्या मोठ्या हौदाचा तळ हाच खालच्या दालनाचें छत आहे.

आणि आजचें पाणी? तें पैठणजवळच्या नाथसागरांतून, सुमारें पन्नास किलोमीटरांवरून, यंत्रांनीं वर चढवून आणावें लागतें. तरी अलीकडच्या वर्षांत कित्येक वस्त्यांत नळास आठ-आठ दिवस पाणी नसे, व पॅरिशमधील बाया मध्यरात्रीं टँकरची वाट पाहत बसत. इकडे नहरेचे उसासे कोठें घरांखालीं, कोठें कचऱ्याखालीं बुजत गेले. कांहीं वर्षांपूर्वीं रस्त्याच्या कडेस खोदकाम चाललें असतां चुन्यानें सांधलेली भाजक्या मातीची नळी आम्हीं स्वतः पाहिली. आंत ओल होती. दुसऱ्या दिवशीं गेलों तों तिचे तुकडे भरावांत टाकून वर खडी पसरली होती. मजुरांस काय बोलावें? त्यांस कोणीं कांहीं सांगितलेंच नव्हतें.

आत्यास आम्ही पाणचक्कीवर घेऊन गेलों होतों. हौदाच्या कांठीं ती बराच वेळ बसून राहिली, पाण्यांत हात बुडविला, आणि म्हणाली, “आपल्या बावखलाहून थंड आहे रे.” पाहुण्यांनीं सायंकाळीं, ऊन उतरल्यावर, महमूद दरवाजाच्या बाजूनें जावें, सोबतीस आमचीं मुलें येतील.