एदलाबादच्या आमदार ते राष्ट्रपती भवन: प्रतिभाताईंची न हरलेली गोष्ट

कानात इयरफोन आहेत ना? मग चला, आज आपल्या जळगावात.

अमेरिकेत जॉन डिंगेल नावाचे एक खासदार होते. 1955 ते 2015, जवळपास 59 वर्षं एकाच सभागृहात! ऐकून आपण म्हणतो, बापरे. पण आपल्या खान्देशातही एक बाई होत्या, ज्या 1962 मध्ये आमदार झाल्या आणि त्यानंतर एकही निवडणूक हरल्या नाहीत. त्या म्हणजे प्रतिभाताई पाटील.

जन्म 19 डिसेंबर 1934, जळगाव जिल्ह्यातल्या नाडगावचा. वडील नारायणराव सरकारी वकील. ताई जळगावच्या एम.जे. कॉलेजमध्ये शिकल्या, टेबल टेनिसमध्ये चमकल्या, मग मुंबईला जाऊन कायद्याची पदवी घेतली.

आता 1962 साल डोळ्यासमोर आणा. महाराष्ट्र राज्य होऊन जेमतेम दोन वर्षं झालीयेत. घरात पाहुणे आले की बायका आत जातात, असा तो काळ. आणि 27 वर्षांची, लग्न न झालेली मुलगी जळगावातून विधानसभेला उभी राहते. नुसती उभी राहत नाही, निवडून येते! त्याच वर्षी चीनचं युद्ध झालं, तेव्हा जिल्ह्यात महिला होमगार्डची तुकडी उभी करून तिचं नेतृत्वही त्यांनीच केलं.

1967 पासून मतदारसंघ बदलला: एदलाबाद, म्हणजे आजचं मुक्ताईनगर. तिथून 1967, 1972, 1978 आणि 1980 अशा चार निवडणुका जिंकल्या. जळगावची धरून सलग पाच. उपमंत्री, मग कॅबिनेट मंत्री. आरोग्य, समाजकल्याण, शिक्षण, गृहनिर्माण अशी खाती सांभाळली.

पण खरी कसोटी सत्ता नसताना लागली. आणीबाणीनंतर काँग्रेस फुटली. मोठमोठे नेते इंदिरा गांधींना सोडून गेले. ताई मात्र इंदिराजींसोबत राहिल्या. राज्यात शरद पवारांचं पुलोद सरकार असताना 1979-80 मध्ये त्या विधानसभेत विरोधी पक्षनेत्या झाल्या. कुणी याला निष्ठा म्हणेल, कुणी म्हणेल आणीबाणी लादणाऱ्यांचीच बाजू घेतली. दोन्ही म्हणणी ऐकून घ्या, मग आपलं मत बनवा.

1985 ला राज्यसभा, तिथे उपसभापतिपद. 1991 ला अमरावतीतून लोकसभा. 2004 मध्ये राजस्थानच्या पहिल्या महिला राज्यपाल. आणि 2007 मध्ये थेट राष्ट्रपतिपद! समोर भैरोसिंह शेखावत होते. शिवसेना तेव्हा भाजपसोबत होती, तरी मराठी माणूस म्हणून तिने ताईंना पाठिंबा दिला. 25 जुलै 2007 ला देशाला पहिल्या महिला राष्ट्रपती मिळाल्या. 2009 मध्ये, वयाच्या 74 व्या वर्षी, पुण्याहून त्यांनी सुखोई विमानातून उड्डाण केलं.

सगळं गोड गोड सांगून थांबणं बरोबर नाही. त्यांच्या परदेश दौऱ्यांच्या खर्चावर टीका झाली. अनेकांची फाशी जन्मठेपेत बदलली म्हणून वाद झाला. जळगावात त्यांच्या नावाने उभी राहिलेली महिला सहकारी बँकही बंद पडली. लांबच्या कारकिर्दीचा हिशोब दोन्ही बाजूंनी मांडावा लागतो.

आता शेवटचा मुद्दा, आणि हा तुमच्यासाठी. ताईंनी उघडलेलं दार पुढे उघडं राहिलं का?

2024 ची लोकसभा बघा. जळगावातून स्मिता वाघ, रावेरमधून रक्षा खडसे, धुळ्यातून शोभा बच्छाव. तिन्ही खासदार बायका! वाटतं, झालं की काम. पण त्याच वर्षीची विधानसभा बघा. जळगाव जिल्ह्यात 11 जागा, निवडून आलेले 11 ही पुरुष. एदलाबादचं मुक्ताईनगरही त्यातच आलं. तिकडे धुळे जिल्ह्यात साक्रीतून मंजुळा गावित आल्या, पण पाचात त्या एकट्याच.

म्हणजे ज्या जिल्ह्याने 1962 मध्ये 27 वर्षांच्या मुलीला मुंबईला पाठवलं, त्याच जिल्ह्याने 62 वर्षांनी एकही बाई विधानसभेत पाठवली नाही. दार एकदा उघडलं म्हणजे कायमचं उघडलं, असं नसतं मंडळी. दर पाच वर्षांनी ते पुन्हा ढकलावं लागतं.

तुमच्या गावात 27 वर्षांची एखादी मुलगी निवडणुकीला उभी राहिली, तर तुमच्या घरात काय बोललं जाईल? आज जेवताना विचारून बघा.

भेटू पुढच्या भागात. राम राम!