पंचेचाळीस सेकंद, आठ दशांश

बार्सिलोनाच्या नैऋत्येला सांत पेरे दे रिबेस गावाच्या हद्दीत काँक्रीटचे एक लंबवर्तुळ अजून उभे आहे. सिटजेस-तेरामारचा हा शर्यतमार्ग 2 किलोमीटर लांब आहे. त्याची वळणे काही ठिकाणी साठ अंशांपर्यंत कललेली आहेत, म्हणजे पायी चढायचे तर हात टेकावेच लागतील. बांधकाम 300 दिवसांत उरकले आणि खर्च 40 लाख पेसेता आला. कौतुक नेहमी पहिल्या आकड्याचे होते. मला दुसऱ्यापाशी थांबावेसे वाटते, कारण ती रक्कम पूर्ण चुकती झालेली नव्हती.

28 ऑक्टोबर 1923 रोजी इथे दोन लिटर इंजिनांच्या गाड्यांची स्पॅनिश ग्रां प्री झाली. 200 फेऱ्या, 400 किलोमीटर. निकालात पहिला आल्बेर दिवो, गाडी सन्बीम. दुसरा काउंट लुई झ्बोरोव्स्की, गाडी अमेरिकन मिलर. सर्वांत वेगवान फेरी मात्र हरलेल्या झ्बोरोव्स्कीची: 45.8 सेकंद. हिशेब केला तर ताशी सुमारे 157 किलोमीटर भरतात. सरळ रस्त्यावरून कललेल्या वळणात शिरतानाचा चढाव इथे नीट साधलेला नव्हता, हा दोष चालकांना लगेच जाणवला. तो लक्षात घेतला की या आकड्यामागचे धाडस कळते.

गाड्यांची वेळ सेकंदाच्या दशांशापर्यंत टिपली गेली, पण त्याच दिवशीचा पैशांचा हिशेब तुटला. देणी थकलेल्या कंत्राटदारांनी तिकीटविक्रीची रक्कम ताब्यात घेतली आणि विजेत्यांना बक्षिसाचे पैसे मिळालेच नाहीत. मार्ग बंद पडण्याचे खरे कारण मी इथेच धरतो. वळणांतला दोष गंभीर होता, पण दुरुस्तीलाही पैसा लागतो, आणि तो देणारा कोणी उरला नव्हता. 4 नोव्हेंबरला छोट्या गाड्यांची शर्यत झाली, तीत दारिओ रेस्टा जिंकला. ग्रां प्री मात्र इथे पुन्हा कधीच आली नाही. तीसच्या दशकात मालकी बदलली, पन्नासच्या दशकापर्यंत अधूनमधून स्थानिक शर्यती होत राहिल्या. पुढे आवारात कोंबड्या पाळल्या गेल्या.

2012 साली कार्लोस साइन्झ ऑडी आर8 घेऊन त्याच झिजलेल्या काँक्रीटवर उतरला. त्याची फेरी 42.6 सेकंदांची. एकोणनव्वद वर्षांनंतर, झ्बोरोव्स्कीपेक्षा 3.2 सेकंद कमी.