पायाळूची लाथ आणि मणक्यातली गादी

कंबरेत उसण भरली की पायाळू माणूस शोधायचा, ही आमच्या नातेपुत्याकडची जुनी रीत. पायाळू म्हणजे जन्मताना ज्याचे पाय आधी बाहेर आले तो. दुखणाऱ्याने त्याच्याकडे पाठ करायची आणि पायाळूने दुखऱ्या जागी पाय लावायचा, नाहीतर हलकी लाथ मारायची. ना औषध, ना फी.

हे फक्त आपल्याकडेच नाही. वॉल्टर ग्रेगर या पाद्र्याने १८८१ मध्ये ईशान्य स्कॉटलंडच्या लोकसमजुतींवर पुस्तक छापलं. त्यातही हेच आहे : पायांकडून जन्मलेला माणूस कंबरेवर पाय देऊन दुखणं घालवतो. माळशिरस तालुका आणि स्कॉटलंड यांचा काडीचा संबंध नसताना उपाय एकच कसा? मला वाटतं, पाठ दोन्हीकडे सारखीच वागते म्हणून. साधी उसण बहुतेक वेळा काही दिवसांत आपली आपण सुटते. त्या दिवसांत जो शेवटचा पाय लावेल, त्याला यश. पाठदुखीच्या उपचारांचा बराचसा इतिहास या एका गोष्टीवरून कळतो.

कंबरेतून निघून मांडी-पोटरीवरून पावलापर्यंत जाणाऱ्या कळेला चरकसंहितेत ‘गृध्रसी’ म्हटलंय. उपाय सांगितलेत ते बस्ती, शीर उघडून रक्त काढणं आणि डाग देणं. गावाकडे म्हाताऱ्या माणसांच्या अंगावर डागाचे व्रण दिसतात, त्यामागची परंपरा एवढी जुनी आहे.

आजही डॉक्टर आपल्याला उताणं झोपवतात आणि गुडघा न वाकवता पाय वर उचलून बघतात. ही तपासणी १८८१ मध्ये पॅरिसच्या फोर्स्टने प्रबंधात मांडली आणि तिला नाव मिळालं त्याच्या गुरूचं, लासेगचं. त्याच्या वर्षभर आधी बेलग्रेडच्या लाझा लाझारेविचनेही ती लिहून ठेवली होती. हा डॉक्टर सर्बियन साहित्यातला नावाजलेला कथाकार. पाय उचलला की नस ताणली जाते, हे कळलं होतं. ती दाबतं कोण, हे कळलं नव्हतं. सर्जनना पाठीच्या ऑपरेशनमध्ये गाठी सापडत, पण त्या ट्यूमर समजून काढल्या जात.

उत्तर १९३४ मध्ये बोस्टनमधून आलं. विल्यम मिक्स्टर आणि जोसेफ बार यांनी दाखवलं की, ती गाठ म्हणजे दोन मणक्यांमधल्या गादीचाच तुकडा असतो. गादीचं बाहेरचं कडं चिवट, आतला गर मऊ. कडं फाटलं की गर बाहेर येऊन नस दाबतो. आपण ‘गादी सरकली’ म्हणतो, पण गादी सरकत नाही, फुगते किंवा फाटते. आता दुखण्याला आरोपी मिळाला आणि त्याला काढून टाकायची शर्यत लागली.

त्यातला एक उपाय तर आपल्या ओळखीचा आहे. मटण लवकर शिजावं म्हणून कच्ची पपई लावतात, तेच तत्त्व. पपईच्या चिकातलं कायमोपपेन गादीत टोचून गर विरघळवता येतो, हे अमेरिकेच्या लायमन स्मिथने १९६४ मध्ये मांडलं. तिथे १९८२ मध्ये त्याला परवानगीही मिळाली. पण काहींना जीवघेणी ॲलर्जी झाली, काही पांगळे झाले. २००३ मध्ये ते इंजेक्शन बंद झालं.

शेवटचा पाय कोणाचा, हे ओळखायला दोन गट करून तुलना करावी लागते. नॉर्वेच्या हेन्रिक वेबरने ती केली आणि १९८३ मध्ये छापली. गादी फाटलेल्या रुग्णांत वर्षभरानंतर ऑपरेशनवाले स्पष्ट बरे होते. चार वर्षांनी फरक जेमतेम उरला, दहा वर्षांनी दोघे सारखेच. म्हणजे ऑपरेशन फुकट नाही, ते वेळ वाचवतं. १९८६ मध्ये अमेरिकेत दोन दिवसांच्या आणि सात दिवसांच्या विश्रांतीची तुलना झाली. दोनच दिवस पडून राहायला सांगितलेल्यांचे कामाचे खाडे ४५ टक्क्यांनी कमी भरले. आणि १९९४ मध्ये पाठ अजिबात न दुखणाऱ्या ९८ जणांचा एमआरआय काढला, तर ५२ टक्क्यांच्या गाद्या फुगलेल्या निघाल्या. ‘मणक्यात गॅप आहे’ असा रिपोर्ट हातात पडल्यावर हा आकडा आठवावा.

एक अपवाद मात्र पक्का लक्षात ठेवा. लघवी अडली किंवा आपोआप होऊ लागली, जांघेत बधिरपणा आला, पाऊल लुळं पडलं, तर पायाळू नको, मालिश नको, वाट बघणं नको. त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा.

बाकीच्यांना आजचा सल्ला साधा आहे : हलतं राहा, जपून कामाला लागा, जड उचलू नका. मी सॉफ्टवेअरमध्ये आहे. तासातासाला खुर्चीतून उठणं मला जमतं, घरून काम मागता येतं. पण आमच्या तालुक्यात साखर कारखाने आहेत. हंगामात ऊसतोडीचे ‘कोयते’ येतात. एक कोयता म्हणजे नवराबायकोची जोडी. मुकादमाकडून घेतलेली उचल फेडायची, खाडा केला तर पैसे कापले जाणार, आणि दिवसभर डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून ट्रकवर चढायचं. ‘जड उचलू नका’ हे त्या बाईला कोणत्या तोंडाने सांगायचं?

म्हणून या इतिहासात मी एक पान हमालांचंही धरतो. पूर्वी त्यांच्या पाठीवर १०० किलोचं पोतं असे. अण्णासाहेब पाटलांच्या माथाडी चळवळीतून १९६९ चा कायदा आला. पुण्यात बाबा आढावांच्या हमाल पंचायतीने पोत्याचं ओझं कमी करा, म्हणून लढा दिला. आज बाजारात पोती बहुतेक ५० किलोची दिसतात. ओझं निम्मं करायला एमआरआय लागला नाही, सुई लागली नाही, आणि हा उपचार दुखायच्या आधीच झाला.

उसाच्या मोळीचं वजन मात्र अजून ट्रक भरायची घाईच ठरवते.