फाटके कोणी घालावे? चिंध्यांचा एक इतिहास

१/ कुरकुंभच्या चौकात पुणे-सोलापूर महामार्ग आणि दौंड-बारामती रस्ता एकमेकांना छेदतात. पाळी सुटण्याच्या वेळी तिथे दोन प्रकारच्या फाटक्या विजारी दिसतात. एक कॉलेजच्या मुलांची, गुडघ्यावर मुद्दाम फाडलेली. दुसरी रासायनिक कारखान्यातून परतणाऱ्या कामगाराची, आम्लाच्या थेंबांनी चाळण झालेली.

२/ माझ्या वडिलांकडे दुसऱ्या प्रकारची विजार होती. ती घालून ते कधी लग्नकार्याला गेले नाहीत. पाहुणे यायचे असले की आधी कपडे बदलत. पहिल्या प्रकारची विजार मी स्वतः चांगले पैसे मोजून घेतली. छिद्रे दोन्हींना आहेत. मग एकीची लाज आणि दुसरीचा दिमाख कुठून आला? आजचा धागा या प्रश्नाचा आहे.

३/ धडके वस्त्र मुद्दाम निकामी करण्याची कल्पना डेनिमहून फार जुनी आहे. उकिरड्यावर आणि स्मशानात टाकलेल्या चिंध्यांपासून केलेल्या भिक्षूंच्या वस्त्राला पाली ग्रंथ 'पांसुकूल' म्हणतात. पुढे जीवक वैद्याच्या विनंतीवरून गृहस्थांनी दिलेले वस्त्र स्वीकारण्याची मुभा बुद्धांनी दिली. परंतु ते कापड कापून, तुकडे जोडूनच चीवर शिवायचे होते.

४/ विनयपिटकातील 'महावग्गा'त याची सुंदर कथा आहे. मगधातील बांधांनी विभागलेली शेते दाखवून बुद्ध आनंदाला विचारतात, असे चीवर शिवता येईल का? आनंद तसे शिवतो. शस्त्राने कापलेल्या कापडाचा कोणाला लोभ उरत नाही, हा त्यामागचा विचार. कापडाची किंमत इथे जाणूनबुजून उतरवली आहे.

५/ सूफी परंपरेतही ठिगळांचा झगा आहे: 'मुरक्का'. अकराव्या शतकात लाहोरला स्थायिक झालेल्या हुजवीरी यांनी 'कश्फ-उल-महजूब' या ग्रंथात त्यावर स्वतंत्र प्रकरण लिहिले आणि केवळ लौकिकासाठी ठिगळे मिरवणाऱ्यांवर टीका केली. विरक्तीच्या वेशाला मान मिळू लागताच त्या मानासाठी तो वेश घेणारेही आले.

६/ सोळाव्या शतकातील युरोपात याच्या उलट घडले. लान्ड्सक्नेख्ट नावाचे जर्मन भाडोत्री सैनिक अंगरख्याला जागोजागी चिरा देत आणि त्यांतून आतले रंगीत कापड बाहेर काढत. पुढे राजेरजवाड्यांनीही ती तऱ्हा उचलली. म्हणजे चीर हे श्रीमंतीचे प्रदर्शनही असू शकते.

७/ आता आपल्याकडे या. इथे असंख्य माणसांना फाटके नेसण्यावाचून पर्यायच नव्हता. बलुतेदारीत महारांच्या 'हक्कां'मध्ये मढ्यावरच्या कापडाचा समावेश होता. आणि धडके वस्त्र मिळाले तरी ते नेसण्याची परवानगी कुठे होती?

८/ १९२८ च्या जानेवारीत वृत्तपत्रात आलेली एक हकिकत डॉ. आंबेडकरांनी पुढे 'जातिप्रथेचे उच्चाटन' या निबंधात नोंदवली आहे. इंदूर संस्थानातील काही गावांत सवर्णांनी बलाई या अस्पृश्य जातीला बजावले: जरीकाठी पागोटी बांधायची नाहीत, रंगीत काठांची धोतरे नेसायची नाहीत. धोतराच्या काठावरही जातीचा पहारा होता.

९/ या पार्श्वभूमीवर एका माणसाने आपणहून चिंध्या पांघरल्या. डेबूजी झिंगराजी जानोरकर, जन्म २३ फेब्रुवारी १८७६, शेंडगाव, जिल्हा अमरावती. आपण त्यांना गाडगे महाराज म्हणून ओळखतो. जन्म परीट समाजातला. लोकांचे कपडे स्वच्छ करणे हा ज्या समाजाचा व्यवसाय, त्यातला हा माणूस.

१०/ १९०५ मध्ये त्यांनी घर सोडले. अंगावर नाना रंगांच्या तुकड्यांचा अंगरखा, डोक्यावर मडक्याचे खापर, एका कानात कवडी, दुसऱ्या कानात फुटक्या बांगडीची काच, हातात खराटा. कुठे त्यांना 'गोधडे महाराज' म्हणत, तर कुठे 'चिंधेबुवा'.

११/ गावात आले की आधी रस्ते झाडायचे आणि रात्री कीर्तनात माणसांची डोकी. मिळालेल्या पैशांतून धर्मशाळा, शाळा, वसतिगृहे उभी राहिली; अंगरखा मात्र ठिगळांचाच राहिला. त्या अंगरख्याकडे पाहून कोणालाही त्यांची जात किंवा ऐपत ठरवता येत नसे. वस्त्रावरून माणूस जोखण्याची सवयच त्यांनी निरुपयोगी केली.

१२/ आता महाड, डिसेंबर १९२७. मनुस्मृतीच्या दहनानंतर बाबासाहेबांनी दलित स्त्रियांपुढे स्वतंत्र भाषण केले. त्यातला मोठा भाग कपड्यांविषयी होता. आखूड लुगडे आणि कथील-चांदीचे जड दागिने ही अस्पृश्यतेची ओळख पटवणारी खूण आहे, ती टाकून द्या. सवर्ण स्त्रियांप्रमाणे पायघोळ लुगडे नेसा, असे त्यांनी सांगितले.

१३/ परंतु त्याच भाषणात आणखी एक मुद्दा होता. लुगड्याला ठिगळे असली तरी हरकत नाही, ते स्वच्छ असावे. म्हणजे बाबासाहेबांचा विरोध फाटक्याला नव्हता, लादलेल्याला होता. त्यानंतर महाडातच स्त्रियांनी लुगडे नेसण्याची पद्धत बदलली. काही सवर्ण सहकाऱ्यांच्या घरच्या स्त्रियांनी त्यांना नेसायला मदत केली.

१४/ एकाने चिंध्या चढवल्या, दुसऱ्याने चिंध्यांची सक्ती झुगारायला शिकवले. वरवर हे परस्परविरोधी दिसते. पण काय ल्यावे हे ज्याचे त्याने ठरवायचे, हे दोघांनाही मान्य होते. १९४९ मध्ये गाडगेबाबांनी पंढरपूरची आपली धर्मशाळा बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीकडे सोपवली. ६ डिसेंबर १९५६ ला बाबासाहेब गेले. २० डिसेंबरला गाडगेबाबा.

१५/ आता जीन्सकडे. २० मे १८७३ रोजी लेवी स्ट्रॉस आणि जेकब डेव्हिस यांना अमेरिकेत पेटंट मिळाले ते खिशांच्या कोपऱ्यांवर तांब्याचे रिव्हेट मारण्यासाठी. कष्टकऱ्याची विजार फाटू नये, एवढाच हेतू. शंभर वर्षांनी, १९७० च्या दशकात, लंडनच्या पंक तरुणांनी फाटके कपडे बंड म्हणून घातले. मग बाजाराने ते बंड विकायला काढले. २०२२ मध्ये बालेन्सियागाने मुद्दाम फाडलेले, मळवलेले बूट १,८५० डॉलरला विक्रीस ठेवले.

१६/ ही झीज तयार कशी होते? वाळूचा जोरदार मारा करून, दगडांसोबत धुऊन, लेसरने जाळून. फिकट डागांसाठी पोटॅशियम परमँगनेट फवारतात. विहिरीत टाकतात तेच जांभळे औषध. वाळूच्या माऱ्यातून उडणारी सिलिकाची धूळ फुप्फुसात बसते आणि सिलिकोसिस होतो. त्यावर इलाज नाही. तुर्कस्तानात जीन्स कारखान्यांतले तरुण कामगार त्याने दगावले. २००९ मध्ये तिथे या पद्धतीवर बंदी आली.

१७/ म्हणजे वापरून जुनी झाल्यासारखी दिसणारी माझी नवी विजार खरोखर कोणाच्या तरी श्रमाने झिजलेली आहे. फक्त ते श्रम माझे नाहीत. गाडगेबाबांच्या अंगरख्याची झीज त्यांची स्वतःची होती. माझ्या वडिलांच्या विजारीचीही.

१८/ फाटकी जीन्स घालू नका, असे मी म्हणणार नाही. काय ल्यावे हे ठरवण्याचा हक्क महाडने आपल्याला मिळवून दिला आहे. मीही ती अजून घालतो. पण चौकात पाळीवरून येणारा माणूस आपल्या विजारीच्या छिद्रावर डबा धरून उभा दिसला, की लाज त्याला वाटण्याचे कारण नाही, एवढे आता मला कळते.